दाराला तेल घालताना तू विचारलंस ते

प्रिय बाळा,

परवा खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्या खोलीच्या दाराची बिजागरी खोलून बसले होते, तेव्हा तू विचारलंस, "आई, तुम्ही गरीब होतात म्हणून हे सगळं घरच्या घरी करायचात ना? आता तर आपल्याकडे पैसे आहेत." तू चिडवायला म्हणाला नव्हतास, मला माहीत आहे. तरी लागलं. त्या वेळी मी "हातोडी दे" एवढंच म्हटलं. आज लिहायला बसले, कारण बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि तू ऐकायचं सोडून देतोस.

ओढाताण होती, हे खरंच आहे. वाईत घाटाजवळच्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, आप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आणि पगार वीस तारखेपर्यंत पुरला तर माई समाधानात. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यावर संपत नाही. डेपोत ग्रीसचे डबेच्या डबे असायचे. चिमूटभर ग्रीस कागदाच्या पुडीत बांधून आणलं असतं तर कुणी हटकलं नसतं. धाकट्या मामाने एकदा तसं सुचवलंही. आप्पा म्हणाले, "डेपोचं डेपोत." मामाने पुन्हा तो विषय काढला नाही. मग दाराला स्वयंपाकघरातलं गोडंतेलच मिळायचं, वाटीच्या तळाशी जेमतेम चमचाभर, आणि तेही माईच्या हातून.

वाड्याचं पुढचं दार सागवानी. त्याला बिजागऱ्या नव्हत्याच. दाराच्या फळीचीच टोकं वर-खाली बाहेर काढलेली, आणि ती चौकटीतल्या खळग्यांत फिरायची. उन्हाळ्यात लाकूड वाळलं की दार असं करकरायचं की समोरच्या काकू डोकावायच्या. पावसाळ्यात फुगायचं आणि उंबरठ्याला घासायचं. आप्पा रात्रपाळी करून पहाटे यायचे, आणि त्यांच्या आईला, म्हणजे तुझ्या पणजीला, झोप कमी. ती जागी होऊ नये म्हणून ते दार जपायचे. कोंबडीचं पीस तेलात बुडवून त्या खळग्यात फिरवायचे, दार हळू पुढे-मागे करायचे, पुन्हा पीस. खालच्या खळग्यातून काळं तेल ओघळायचं ते मी जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायचे. हे माझं काम होतं, आणि ते धाकट्या मामाला द्यायला मी तयार नसायचे. पणजी म्हणायची, करकरणारं दार घरात भांडणं लावतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि तुला पटावं अशी माझी अपेक्षा नाही.

दारं झाली की हत्यारांची पाळी. पक्कड, पाने, हातोडी, माईची विळी, कोयता, सगळं रॉकेलने पुसून पाटावर मांडायचं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. त्या दिवशी विळीला हात लावायचा नाही, म्हणून भाजी आदल्या रात्रीच चिरलेली. माझी कंपासपेटीही पाटावर असायची. आप्पा तिला अगदी पान्यांच्या रांगेत ठेवायचे, आणि त्या रांगेत आपली वस्तू बसली याचं मला काय वाटायचं ते आजही सांगता येणार नाही. मग ते मला डेपोत घेऊन जायचे. धुतलेल्या गाड्या, बोनेटवर माळा, पेढे. आणि दर वर्षी तीच गोष्ट: एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला सुटली. तेव्हा आप्पा जन्मलेही नव्हते, पण सांगायचे मात्र त्याच गाडीतून आल्यासारखं.

आता तू म्हणशील, म्हणजे तुला तुझ्या लहानपणाची आठवण येते, एवढंच ना? असेलही. गरज कुठे संपली आणि सवय कुठे सुरू झाली, हे मलाही सांगता येत नाही. आप्पांच्या हातात जास्त पैसे असते तर त्यांनी सुतार बोलावला असता का? मला वाटतं, नसता बोलावला. पण मी त्यांची मुलगी आहे, मला तसंच वाटणार.

तुझं म्हणणं मी काही ठिकाणी मानते. इथे कॅनडात, मिसिसागात, गोडंतेल वापरणं चूकच आहे. खायचं तेल काही महिन्यांत चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि दार पुन्हा ओरडतं. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली गोठतंच, आणि आपलं घर हिवाळ्यात त्याहून थंड असतं. तू दुकानातून आणायला सांगितलंस त्या डब्ल्यूडी-४० च्या फवाऱ्यावरही माझा राग नाही. ते १९५३ साली सॅन डिएगोत पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवलं, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात चाळीस. आप्पांना हे ऐकून फार आवडलं असतं. पण नुसतं वरून फवारलं तर आतली काळी घाण आतच राहते. म्हणून मी बिजागरीचा खिळा बाहेर काढते. खालून दुसरा खिळा लावून हातोडीने हलके टोले द्यायचे, निघाला की पुसायचा, गंज असेल तिथे पॉलिश पेपर फिरवायचा, वॅसलीनचा पातळ थर द्यायचा आणि परत बसवायचा. एका वेळी एकच बिजागरी, नाहीतर दार अंगावर येईल. तू बघत होतास तेव्हा मधली झाली होती. त्या खिळ्यावर एका बाजूला खोल चरा होता, तो तुला दाखवायचा राहिला. दार तिथेच घासत होतं.

हळदकुंकवाचं तुझं तू ठरव. पेचकसाला काही कळत नाही, हे तू म्हणालास ते खरंच आहे. मी तरी ते लावते, आणि लावताना वर्षातून एकदा प्रत्येक वस्तू हातात घेऊन नीट बघते. कुणाची मूठ सैल झालीय, कुणाचं टोक झिजलंय. तुझ्या बाबांना हे नुसतं देखभालीचं वेळापत्रक वाटतं. तुलाही तसंच वाटलं तर माझी हरकत नाही.

पुढच्या वर्षी तुझी सायकल पाटाशेजारी उभी करायची की नाही, ते मी विचारणार नाही. चेन मात्र या आठवड्यातच पुसून तेल घालून ठेव. बर्फ पडला आणि रस्त्यांवर मीठ टाकायला लागले की ती गंजायला वेळ लागत नाही. मशीनच्या तेलाची बाटली धुण्याच्या खोलीत वरच्या फळीवर आहे, निळ्या टोपणाची.

तुझी,
आई