पगार वाढला, पण टूलरूमचं काय?

गंगापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा वाळूजला एका कंपनीत प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या मशीनच्या विभागात, मेंटेनन्सला आहे. चाकणहून 38 हजारांची ऑफर आली म्हणून त्याने राजीनामा दिला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून 28 चे 36 केले, तो थांबला. आता सोबतचे म्हणतात, राजीनामा दिलेला माणूस कंपनीच्या मनातून उतरतो. वडील विचारतात, लेकरू फसलं का?

भाऊ, फसलं नाही. चाकणला खोलीभाडं आणि मेस यातच वरचे दोन हजार गेले असते. पण तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, 'त्याला डाय बनवायचं काम पाहिजे होतं.' डाय म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा साचा. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूम या प्रशिक्षण संस्थेत शिकलेला पोरगा चार वर्षं प्रेसचं तेलपाणी बघतोय. पैसे वाढले, काम तेच राहिलं. मला काळजी वाटते ती याची. त्याने कंपनीच्या टूलरूमला, म्हणजे डाय बनतात त्या विभागात, बदली मागावी, कोणत्या महिन्यात ते ठरवून घ्यावं, आणि ते ईमेलवर घ्यावं. साहेब बदलले की तोंडी शब्द कुणाला आठवत नाही.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही पगार स्लिपा शेजारी ठेवून पाहिल्या. मूळ पगार तेव्हाही 14,000, आजही 14,000. वाढलेले आठ हजार सगळेच्या सगळे 'विशेष भत्ता' या रकान्यात. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनात धरायची असते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, त्या वेतनावर निघते, म्हणून एचआरला हे विचारायलाच हवं. एप्रिलची वाढ वेगळी मिळणार की यातच धरली, तेही.

त्याला लागून चार वर्षं दोन महिने झालेत. पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो: दर वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना 26 दिवसांचा धरून. 36 च्या निम्मे, म्हणजे 18 हजार वेतन धरलं तर पाच वर्षांचे साधारण 52 हजार होतात. दहा महिन्यांसाठी ते सोडू नका. तोवर टूलरूम मिळाली नाही, तर मात्र त्याला अडवू नका, पगार कितीही असो.

आणि चाकणच्या एचआरला येत नसल्याचं अजून कळवलं नसेल, तर आजच फोन करायला सांगा. ती माणसं त्याची जागा धरून बसली असतील.