समोर बसलेली मुलगी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होती

“ताई, ती मुलगी फार तर २२ वर्षांची असेल. अजून तिचंच शिक्षण पुरं व्हायचंय. ती मला काय पारखणार?”

डिसेंबरातली संध्याकाळ. मी जिला प्रवेशासाठी मदत करत होते ती अमेरिकेतल्या एका फार्मसी कॉलेजची मुलाखत देऊन नुकती घरी पोचली होती आणि अंगातला कोटही न काढता तिने मला फोन लावला होता. आवाजात राग कमी, धसका जास्त. जरा वेळाने खरं काय ते बोलली, “आणि ताई, मी बोलत असताना ती सारखी काहीतरी लिहीत होती हो.”

मी न्यू जर्सीत मराठी घरांतल्या मुलांना आणि लग्न होऊन इथे आलेल्या मुलींना शिक्षणाच्या वाटा शोधायला मदत करते. फार्म.डी.ला, म्हणजे इथे फार्मसिस्ट व्हायला लागणाऱ्या पदवीला, अर्ज करणारं कुणी ना कुणी दरवर्षी हे विचारतंच. मुलाखतीला कॉलेजातले विद्यार्थी कशाला बसवतात? त्यांच्या हातात किती असतं? त्यांच्याशी वागायचं कसं? म्हणून तिच्या परवानगीने तिची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिच्या वडिलांचं सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. दहावीपासून ती काउंटरवर उभी राहायची. म्हाताऱ्या माणसांना “ही सकाळी, ही जेवल्यावर” असं सांगत गोळ्यांच्या पाकिटांवर पेनने सूर्य-चंद्र काढून द्यायची. पुढे बी.फार्म. केलं, तीन वर्षं औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली, मग लग्न आणि न्यू जर्सीतलं एडिसन. इथे आल्यावर कळलं की परदेशी पदवीधरांची जी एफपीजीईई परीक्षा आहे, तिला बसायला १ जानेवारी २००३ पासून पुढच्या पदवीधरांसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. म्हणजे इथे फार्मसिस्ट व्हायचं तर पुन्हा कॉलेज. वर्क परमिट हातात आल्यावर तिने एका औषधदुकानात टेक्निशियनची नोकरी धरली, काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात उरलेले विषय पुरे केले, चार वर्षांच्या मुलाला सांभाळत रात्री बसून फार्मकॅसचा, म्हणजे फार्मसी कॉलेजांसाठीचा सामायिक ऑनलाइन अर्ज भरला. या मुलीच्या चिकाटीबद्दल मला कधीच शंका नव्हती.

तिची अडचण वेगळीच होती आणि ती आपल्या व्यवस्थेतून आलेली होती. महाराष्ट्रात फार्मसीला प्रवेश म्हणजे सीईटी, गुणवत्ता यादी, कॅप राऊंड. तिथे कुणी आपल्याशी बोलत नाही, यादीतला नंबर बोलतो. समोरासमोर बसून उत्तरं द्यायचा आपला अनुभव काय तो तोंडी परीक्षेचा: एक बाहेरचे परीक्षक, एक आपले सर, आणि नजर खाली. अमेरिकेत फार्मसी कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एसीपीई या संस्थेच्या २०१६च्या मानकांत प्रवेशाआधी प्रत्येक उमेदवाराची मुलाखत घेण्याची अट घातलेली होती. कागदावर दिसत नाहीत अशा गोष्टी, म्हणजे बोलणं, ऐकणं, दुसऱ्याबरोबर काम करणं, हे त्यात बघायचं असतं. पीकॅट ही प्रवेशपरीक्षाही जानेवारी २०२४ नंतर बंद झाली. त्यामुळे मुलाखतीकडे दुय्यम म्हणून बघून चालत नाही.

मी तिला त्या दिवसाचं सगळं बारीकसारीक सांगायला लावलं. टेबलापलीकडे एक प्राध्यापक आणि एक तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. निम्मे प्रश्न त्या मुलीनेच विचारले. “गटात मतभेद झाले तेव्हा तू काय केलंस?” हाही तिचाच प्रश्न.

“मग तू उत्तर कुणाकडे बघून दिलंस?”

ती गप्प झाली. “सरांकडे.”

“प्रत्येक वेळी?”

“हो.”

दुपारी जेवायला चार विद्यार्थी तिच्यासोबत बसले होते. तिने कुणालाच काही विचारलं नाही. कुणी विचारलं तर हो-नाहीत उत्तर दिलं. तिला वाटलं, हासुद्धा परीक्षेचाच भाग आहे, जितकं कमी बोलू तितकं कमी चुकेल.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. ही चूक एकट्या तिची नव्हती. “मुलं फक्त कॉलेज दाखवायला असतात, तू प्राध्यापकांवर लक्ष ठेव,” हे मीच तिला सांगितलं होतं. एकाच कॉलेजातल्या जुन्या अनुभवावर विसंबून दिलेला तो सल्ला चुकीचा होता. मी तिची माफी मागितली. जानेवारीत त्या कॉलेजने तिला वेटिंग लिस्टवर ठेवल्याचं कळवलं. त्यामागे हेच कारण होतं असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही. पण डिसेंबरातल्या त्या फोनपासून पुढच्या मुलाखतीला आठ आठवडे होते, आणि तेवढ्यात हे दुरुस्त करता येणार होतं.

विद्यार्थ्यांचं काम कॉलेजागणिक बदलतं. काही ठिकाणी ते खरोखरच फक्त इमारत दाखवतात, जेवायला सोबत करतात आणि गुणांशी त्यांचा काही संबंध नसतो. काही ठिकाणी ते प्राध्यापकांच्या बरोबरीने पॅनलवर बसतात आणि स्वतंत्र गुणपत्रक भरतात. कुठे प्रवेश समितीतही एखाद-दुसरा विद्यार्थी असतो. अंतिम निर्णय समितीचा. विद्यार्थ्याचा शब्द हा अनेक मतांपैकी एक, पण तो वाचला जातो. जेवणाच्या गप्पांना सहसा गुण नसतात. मात्र कुणी उर्मटपणे वागलं, तर ते प्रवेश कार्यालयाच्या कानावर जातं, आणि ते बरोबरच आहे असं माझं मत आहे.

यात शंका असेल तर सरळ कॉलेजला ईमेल करून विचारावं: मुलाखत कोण घेणार, विद्यार्थी असतील का, पद्धत कोणती. असा प्रश्न विचारल्याने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

“पण त्या बावीस वर्षांच्या मुलीला माझ्या बी.फार्म.मधलं काय कळणार?” तिचा हा काटा अजून निघाला नव्हता.

तिला ते कळावं अशी अपेक्षाच नसते. तुझे विषय आणि गुण कार्यालयाने आधीच तपासलेले असतात. कित्येक ठिकाणी तर मुलाखत घेणाऱ्यांपुढे मार्क ठेवतच नाहीत, म्हणजे त्यांची छाप आधीच पडत नाही. विद्यार्थिनीला कळतं ते दुसरं. फार्म.डी.त सुरुवातीच्या वर्षांत निदान ३०० तास आणि शेवटच्या वर्षात निदान १,४४० तास प्रत्यक्ष दुकानांत, रुग्णालयांत, दवाखान्यांत काम करावं लागतं. वर्गातलंही बरंच काम गटात. ज्या माणसासोबत हे दिवस काढायचे तो कसा आहे, हे ताडायला प्राध्यापकांपेक्षा विद्यार्थी अधिक जवळ असतात.

बोलून हे तिला पटलं, पण अंगात उतरलं नव्हतं. म्हणून सराव मुलाखत ठेवली. आमच्या मंडळातली, इथेच जन्मलेली, फार्म.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी यायला तयार झाली. हिने अर्ज केलेल्या कॉलेजांतली ती नव्हती, हे मी मुद्दाम पाहिलं होतं. अर्ध्या तासानंतर मी तिला तिचं मत विचारलं. जरा चाचरतच ती म्हणाली, “काकू, उत्तरं सगळी बरोबर होती. पण रात्री अकरा वाजता ग्रुप प्रोजेक्ट अडकला तर मी यांना फोन करेन का, ते मला कळलं नाही.”

इतक्या वर्षांत मला हे इतक्या नेमकेपणाने सांगता आलं नव्हतं. माझी मुलगी (आता तिला मुलगीच म्हणायला लागले होते) त्या वाक्यावर बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, “मी यांना माझ्या पाकिटावरच्या सूर्य-चंद्राचं सांगितलंच नाही ना?”

नव्हतं सांगितलं. तिला ते गावठी वाटलं होतं. खरं तर १९९०च्या ओब्रा या अमेरिकी कायद्याने मेडिकेडवरच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यावरच्या, रुग्णांना औषध समजावून सांगण्याची तयारी दाखवणं इथल्या फार्मसिस्टला बंधनकारक झालं. ज्याला वाचता येत नाही त्याला गोळी कधी घ्यायची ते कळलं पाहिजे, हे तर ती पंधराव्या वर्षापासून करत आली होती.

मध्येच एक घरगुती पेच उभा राहिला. दुसऱ्या कॉलेजात तिच्या नवऱ्याच्या मित्राचा चुलतभाऊ तिसऱ्या वर्षाला होता. नवऱ्याने मला विचारलं, “त्याला सांगून ठेवू का? तो पॅनलवर बसतो म्हणे.” भाव मायेचाच होता. आपल्याकडे ओळख निघाली की शब्द टाकायचा, ही सवय समुद्र ओलांडूनही आपल्याबरोबर येते. मी स्पष्ट नाही म्हटलं. अशा विद्यार्थ्यांना आधी प्रशिक्षण देतात, गुप्ततेबद्दल बजावतात आणि ओळखीचा उमेदवार आला तर बाजूला व्हायला सांगतात. त्याने शब्द टाकला असता तर तो स्वतः अडचणीत आला असता. कॉलेज कसं आहे, एवढं मात्र त्याला मोकळेपणाने विचारायला काहीच हरकत नव्हती. आणि मुलाखतीला नेमका तोच समोर आला, तर बसायच्या आधी “आमची ओळख आहे” असं तिनेच सांगायचं, हेही ठरलं.

त्याच प्रशिक्षणात वय, लग्न, मुलं, धर्म यांबद्दल विचारू नये हेही सांगितलेलं असतं. तरी जेवताना एखादा भाबडेपणाने “मुलं आहेत का?” असं विचारून जातो. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. हसून विषय बदलावा. मुद्दाम खोदून विचारलं असं वाटलं तर कार्यालयाला कळवावं. आपल्याला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर ती गोष्ट वेगळी.

या दुसऱ्या कॉलेजची फेब्रुवारीतली मुलाखत एमएमआय, म्हणजे अनेक छोट्या मुलाखतींच्या पद्धतीची होती. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात निघालेली ही पद्धत: ओळीने खोल्या, दारावर प्रसंग लिहिलेला, वाचायला दोनेक मिनिटं, आत गेल्यावर बोलायला सात-आठ. एका खोलीत पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी तिच्याकडे पाठ करून बसली होती. हिच्या हातात चौकोन-त्रिकोणांचं एक चित्र. ते नुसत्या शब्दांनी सांगायचं, तिने कागदावर काढायचं. कोपऱ्यात बसून कुणीतरी लिहीत होतं.

“पहिलं मिनिट मी भराभर सांगत सुटले,” ती फोनवर सांगत होती. “मग तिचं पेन थांबलं. पाठमोरी होती, पण खांदे आक्रसलेले दिसले. आमच्या दुकानात म्हातारी माणसं काही समजलं नाही की अशीच गप्प होतात. मी थांबले. म्हटलं, आत्तापर्यंत काय काढलंय ते तू मला सांग. तिथून पुढे आम्ही दोघी मिळून गेलो. चित्र पुरं नाही झालं, ताई.”

“न होऊ दे,” मी म्हटलं. मला हवं ते झालं होतं.

त्या दिवशी ती जेवलीही नीट. शेजारी तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी होता, दोन मुलांचा बाप. तिने त्याला आम्ही मिळून काढलेले प्रश्न विचारले. प्रॅक्टिकलची ठिकाणं कोण ठरवतं, गाडी नसेल तर काय, एखाद्या विषयात नापास झालं तर वर्ष जातं की पुन्हा परीक्षा मिळते? नॅपलेक्स या परवाना परीक्षेचा निकाल एनएबीपी ही ती परीक्षा घेणारी संस्था कॉलेजवार जाहीर करते, तो तिने आधीच पाहिला होता. म्हणून तिने निकालाऐवजी तयारी कशी करून घेतात ते विचारलं. त्याने आडपडदा न ठेवता उत्तरं दिली. सकाळी सातची पाळी लागू शकते, ठिकाण तासाभराच्या अंतरावर मिळू शकतं, मात्र लहान मूल असेल तर मुदतीच्या आत अर्ज करून ठिकाण बदलून मागता येतं. त्याने स्वतः दोनदा मागितलं होतं.

घरी आल्यावर तिने त्याला आणि प्राध्यापकांना वेगवेगळी आभाराची ईमेल पाठवली. विद्यार्थ्याला लिहिलेली मी वाचली. चारच ओळी होत्या, पण त्यात त्याच्या सात वाजताच्या पाळीचा उल्लेख होता.

मार्चमध्ये दुसऱ्या कॉलेजचा होकार आला. एप्रिलमध्ये पहिल्यानेही वेटिंग लिस्टवरून बोलावलं, आणि ते घरापासून वीस मिनिटं जवळ होतं. तिने मला विचारलं, काय करू? मी तिला म्हटलं, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी तुला काय काय सांगितलं ते एका कागदावर लिहून काढ.

दुसऱ्या कॉलेजचा रकाना दीड पान भरला. पहिल्याच्या रकान्यात कॅफेटेरिया कुठे आहे एवढंच होतं. त्याच रात्री तिने दुसऱ्या कॉलेजात जागेची अनामत भरली.