सस्पेन्शन बदलून गाडी चार इंच उंच केली आहे, ब्रेकचे होज (लवचिक नळ्या) किती लांब घ्यावेत आणि लाइन (धातूची पक्की नळी) कुठून न्यावी?

नुसते चार इंच जास्त घेऊन भागत नाही. गाडी चेसिसखाली स्टँड लावून उभी करा, चाकं पूर्ण खाली लोंबकळू द्या, स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि तेव्हा माप घ्या. होज त्या स्थितीतही ताणला जाता कामा नये. मग अॅक्सल जॅकने वर दाबून बघा: वाढलेला झोळ टायर, स्प्रिंग किंवा शॉकला घासतोय का? बहुतेक जण हे तपासतच नाहीत.

होज चेसिसला धरणारं ब्रॅकेट खाली घेऊन जुनाच होज पुरवता येतो, पण मी लांब ब्रेडेड स्टीलचाच, म्हणजे वरून स्टीलच्या तारांची जाळी विणलेला, घेईन. मात्र त्याची जाळी शेजारच्या वस्तूला कानशीसारखी घासते, म्हणून वरून आवरण असलेला निवडा.

पक्क्या लाइनसाठी निकेल-कॉपरची नळी बरी. हाताने वळते, गंजत नाही. ती चेसिसच्या आतल्या बाजूने न्या, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, आणि रबरी क्लॅम्पने जागोजागी पकडा. डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर या नळीच्या टोकाच्या दोन वेगळ्या आकारांची सरमिसळ नको. साधी नळी जोडायची कॉम्प्रेशन फिटिंग ब्रेकला अजिबात नको, दाब सोसत नाही.

होज जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे वॉशर नवेच टाका. ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) झालं की एकाने पेडल जोरात दाबून धरावं, दुसऱ्याने प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून गळती आहे का बघावं.