मानेच्या स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड (sternocleidomastoid) या स्नायूच्या नावाचा उच्चार कसा करायचा, तुकडे कुठे पाडायचे?

सहा अक्षरावयव: स्टर · नो · क्लाय · डो · मॅस · टॉइड. मुख्य जोर पाचव्यावर, म्हणजे 'मॅस'वर. 'स्टर' आणि 'क्लाय'वर हलका दाब, 'नो' आणि 'डो' घाईत उरकायचे. इंग्रजीत तो 'डो' बहुतेकदा 'ड'सारखाच ऐकू येतो.

हमखास चूक तिसऱ्या तुकड्यात होते. स्पेलिंगमधला 'ई-आय' पाहून लोक 'क्ली' किंवा 'क्ले' म्हणतात. तिथे 'क्लाय'च हवं. दुसरी चूक शेवटी: देवनागरीत 'टॉइड' लिहिलं की आपण 'टॉ-इड' असे दोन तुकडे करतो. तो एकाच दमात म्हणायचा, 'पॉइंट'मधल्या 'पॉइं'सारखा.

अर्थ कळला की तुकडे आपोआप पडतात. स्टर्नो म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड (क्लॅव्हिकल), मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा हाडाचा उंचवटा. स्नायू पहिल्या दोन्हींपासून निघून तिसऱ्याला चिकटतो. मान उजवीकडे वळवा, डावीकडचा टरारून दिसेल.

सराव शेवटाकडून करा: मॅस्टॉइड, डोमॅस्टॉइड, क्लायडोमॅस्टॉइड, मग पूर्ण शब्द. सुरुवातीपासून घोकलं तर नेमकं जोराच्या जागी पोचेपर्यंत दम संपतो. वॉर्डात मात्र सगळे सरळ 'एससीएम' म्हणतात.