तुझ्या मखरात बाकीच्यांना जागा कुठे?

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

गणपतीच्या मखराचा आराखडा मिळाला. मोजमापे घेतलीस, रंगांचे तुकडे कडेला चिकटवलेस, उजेड कुठून पडणार तेही दाखवलेस. पणजीला आल्तिनोच्या कला महाविद्यालयात वेळ फुकट गेला नाही हे दिसते. मागे राखाडी भिंत, तिच्यावर पांढरी वारली, पुढे एक पितळेची समई आणि बाकी सगळे मोकळे. मासिकात छापून यावे असे काम आहे.

पण तू मत विचारलेस म्हणून सांगतो. या अख्ख्या कागदावर मला एकटी तूच दिसतेस. गणेश चवथीला तुमच्या मूळ घरात मुंबई-पुण्याची, वास्कोची, मडगावची मिळून किती माणसे उतरतात ते मला ठाऊक आहे. त्यांच्या वाट्याला काय ठेवलेस? ‘शिडी धर’ आणि ‘तिथून जरा बाजूला हो’ एवढेच ना? आणि वर तक्रार, की घरचे सगळे बिघडवतात. आजीला प्लास्टिकच्या मोगऱ्याच्या माळा हव्यात, काकाला गणपतीच्या मागे फिरते चक्र हवे.

फिरू दे की चक्र. काकाने ते हौसेने आणले आहे, दर वर्षी स्वतः पुसून, तेल घालून लावतो. परीक्षकाच्या डोळ्यांनी बघशील तर ते भडक आहे, मान्य. पण घरच्या मखराला परीक्षक नसतो. कॉलेजच्या प्रदर्शनात भिंत तुझी, तिथे कुणाला खिळाही ठोकू देऊ नकोस. घरी मात्र दहा जणांचा हात लागतो, दहा जणांची आवड दिसते, आणि ती एकमेकींना थोडी टोचतेच. ते तसेच असू दे. तुझे शिक्षण घराच्या उपयोगी पडायचे तर ज्याच्या हातात जे आहे ते त्याच्याकडून करवून घे. स्वतः कमी कर.

सुरुवात माटोळीपासून, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीपासून कर, कारण तुझ्या आराखड्यात सगळ्यांत कच्ची तीच आहे. वरच्या कडेला एक हिरवी रेघ ओढून बाजूला लिहिलेस, ‘पारंपरिक घटक’. अगं, तुमच्या घरात वर्षाकाठी जी सगळ्यांत मोठी कलाकृती होते ती हीच, आणि ती तुझा काका बांधतो! कधी शेवटपर्यंत उभी राहून बघितलीस का? यंदा बघ. लाकडी चौकट आढ्याला टांगली की आधी आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या. मग जड माल, म्हणजे नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड. नारळांची एक जोडी या कोपऱ्याला बांधली की दुसरी समोरच्या कोपऱ्याला, नाहीतर चौकट कलते. काका एका हाताने दोर धरून चौकट किंचित हलवतो, ती कुठे ओढते आहे याचा अंदाज घेतो, आणि मगच पुढची गाठ मारतो. कॉलेजात याला तुम्ही समतोल म्हणता. काका तो हातात वजन घेऊन शिकलेला आहे.

मग चिबूड, दुधी, तोरिंग, निरफणस, अंबाडे, करमळे. आणि अगदी शेवटी रानातले बारीकसारीक: कांगल्याचे केशरी घोस, घागऱ्या म्हणजे वाजणाऱ्या शेंगा, कवंडळाची लालभडक फळे, शेरवड. शेरवडाची एक फांदी हातात घेऊन नीट न्याहाळ. खरे फूल नारिंगी आणि एवढेसे. आपण पांढरे पान म्हणून जे मिरवतो ते त्या फुलाचेच पाकळ्यांबाहेरचे एक दल, वाढून पानाएवढे झालेले. पावसाळी अंधाऱ्या खोलीत सगळ्या हिरव्यात ते पांढरे कसे उठून दिसते ते बघितलेस तर तुझे दोन स्पॉटलाइट तूच कमी करशील.

चवथीच्या आदल्या एक-दोन दिवसांत फोंड्याला किंवा म्हापशाला माटोळीचा बाजार भरतो. तिथे काकाबरोबर जा, आणि दोन धाकट्या भावंडांना बरोबर ने. रानाकाठच्या गावांतल्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. घासाघीस थोडी कमी कर आणि प्रत्येक जिनसेचे नाव विचार. मुलांच्या हातात वही दे: नाव लिहायचे आणि शेजारी चित्र काढायचे. घागऱ्या कानाशी हलवून वाजवल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. गोवा सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते हे तुला माहीत आहेच. त्या स्पर्धेमुळे कित्येक विसरलेली नावे पुन्हा तोंडी आली, हे खरे. पण जिनसांची संख्या वाढवण्यापायी रान ओरबाडणारेही मी पाहिले आहेत. एका वेलीवरून एक घोस पुरतो. घरच्या माटोळीत आकडा मिरवायचा नसतो.

आता मागची भिंत. वारली काढायला माझी हरकत नाही, पण ती का काढतेस ते स्वतःला विचार. पालघर-डहाणूकडे लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. त्या भिंतीवरची चित्रे कागदावर उतरवून जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळे भावंडांना सांगून, समजून काढलीस तर छानच. पण मोबाइलवर दिसली, सोपी वाटली, तारपा वाजवणारा मध्ये बसवला आणि भोवती माणसांचे वेटोळे फिरवले, एवढेच असेल तर राहू दे. आपल्याकडे कावी आहे, लाल मातीने भिंतीवर करायची चित्रे.

कावी तू शिकलीस ती पुस्तकातून, म्हणून पुन्हा सांगतो. आपल्या जांभ्या मातीची लाल काव आणि शिंपल्यांचा चुना, एवढेच दोन रंग. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा लाल थर द्यायचा, आणि ओल आहे तोवर टोकदार हत्याराने तो खरवडून खालचे पांढरे उघडे करायचे. इथे रेघ ओढायची नसते, काढायची असते. चुकलेले झाकता येत नाही. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात जाऊन बघ. जुन्या देवळांच्या भिंती पाडून तिथे चकचकीत टाइल्स बसल्या आणि अशी किती कामे गेली, त्यावर आता बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

घरी हे जमते. प्लायवूडचा तुकडा घे. खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून त्याचे दोन-तीन जाडसर हात दे आणि खडखडीत वाळू दे. त्यावर गेरूचा एक हात. गेरू बोटाला लागेल पण ओघळणार नाही, इतपत सुकला की दाभणाने खरवडायला घ्या. पावसाळी हवेत हा क्षण कधी येतो ते आधी वेगळ्या तुकड्यावर अजमावून बघ. उशीर झाला तर पापुद्रे उडतात, घाई केलीस तर लाल चिखल पांढऱ्यात कालवला जातो. एक फळी एका माणसाची. आजीला नक्षी ठरवू दे. तिच्या रांगोळीतले ठिपके, वेली, कासव हे सगळे तिच्या बोटात आहे, कागदावर कधी उतरलेले नाही. ती म्हणेल, ‘मला कुठे येते?’ तेव्हा आग्रह करू नकोस. नुसती फळी तिच्या पुढ्यात ठेव आणि उठून चहा करायला जा.

अशा बारा-पंधरा फळ्या एकमेकींशेजारी लावल्यास की मागची भिंत झाली. राखाडीपेक्षा नक्कीच बरी.

मुलांच्या बाबतीत एकच नियम पाळ: त्यांनी केलेल्या कामावर रात्री ती झोपल्यावर हात फिरवू नकोस. मोठ्यांना ही वाईट खोड असते. मुलाने मोर काढला, त्याची मान जाड झाली, सकाळी उठून बघतो तर मान बारीक! त्याला लगेच कळते. पुढच्या वर्षी तो मोबाइल घेऊन माडीवर बसतो आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना कशात रस नाही. आणि त्यांना काम द्यायचे ते खरे दे. ‘तुम्ही बाजूला बसून कागदावर रंगवा’ हे काम झाले नाही. टाळ्यांची पाने पुसणे, फळांना दोर बांधून ठेवणे, फळी खरवडणे, ही कामे त्यांच्याविना अडली पाहिजेत. आपले गोव्याचे चित्रकार लक्ष्मण पै मडगावात मामाच्या फोटो स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंवर हात फिरवत चित्रकलेकडे वळले. घरच्याच कुणाचे तरी खरे काम पोरसवदा वयात हाती आले होते. तुमच्याकडचा कुणी लक्ष्मण पै होईलच असे मी म्हणत नाही, नाही झाला तरी काही बिघडत नाही. दुपारभर त्याचे हात लाल झाले, त्याला मजा आली, बस.

तू लिहितेस की कॉलेजातल्या मैत्रिणींना घरची सजावट म्हणजे कला वाटत नाही. त्यांना बारदेश-तिसवाडी तालुक्यांतली काही घरे दाखव. तिथे चवथीला मातीची मूर्ती आणत नाहीत, कागदावरचा गणपती पुजतात. 1560 मध्ये गोव्यात पोर्तुगिजांचे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय सुरू झाले, मूर्ती ठेवणे म्हणजे संकट ओढवून घेणे झाले. कागद मात्र घडी घालून लपवता येतो. बंदीचा काळ सरला, त्या घरांनी चित्र सोडले नाही. चित्रासमोर आरती होते, चित्राला नैवेद्य दाखवतात. प्रदर्शनात टांगलेल्या कुठल्या चित्राला एवढा मान मिळतो ते मैत्रिणींना विचार.

थर्माकोलचे मी काही लिहीत नाही, तू आणणार नाहीस. आजीच्या प्लास्टिकच्या माळा मात्र आहेत तशा लाव. नव्या आणू नका, जुन्या धुऊन वापरा. दोन-तीन वर्षे तिच्यासमोर शेवंती आणि अबोली ओवायला बस, माळा आपोआप कपाटात जातील. भांडून जाणार नाहीत.

दिवाळीच्या कंदिलाचेही विचारलेस. त्यात विशेष काही नाही. बांबूच्या काड्या तासायचे काम बाबांना दे, त्यांना जमते आणि त्यांना कुणी सांगत नाही. खळ मैद्याची, रोजची रोज शिजवायची, कागदाला अगदी पातळ लावायची. जाड लागली की पतंगी कागद सुरकुततो आणि आत दिवा लागला की प्रत्येक सुरकुती दिसते. दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यापायी मात्र रात्र-रात्र जागू नकोस. वाड्यावरची पोरे गवत नि जुने पेपर भरून करत तो मला आवडायचा. आता लोखंडी सांगाडा, भिंतीएवढे स्पीकर आणि पहाटे तो जाळायला कुणी शुद्धीवर नसतो. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला चुना-काव द्यायची असते, ते काम मात्र सोडू नकोस. उरलेला गेरू त्यासाठी राखून ठेव. आणि नाताळात शेजारच्या घरी गोठा उभा करायला हात लागत असतील तर जा. त्यांचा नखेत्र, म्हणजे नाताळचा चांदणीचा कंदील, आणि आपला आकाशकंदील एकाच बांबूच्या काड्यांचे असतात, तासायला बाबांना तिकडेही ने.

आराखडा परत पाठवतो. त्यावर मी काही खोडलेले नाही. फक्त प्रत्येक भागापुढे पेन्सिलीने एक मोकळी चौकट आखली आहे. तो भाग कोण करणार त्याचे नाव तिथे लिही. तुझे नाव दोनपेक्षा जास्त चौकटींत येऊ देऊ नकोस. काकाला आजच फोन कर आणि माटोळीची चौकट यंदा किती लांब-रुंद आहे ते विचार, मखराची उंची त्यावरून ठरव. तू उलट केले आहेस. तुझ्या मापाने मखर उभे राहिले तर खालचे नारळ गणपतीच्या मुकुटाला लागतील.

घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझे
सर

ता. क. कावीसाठी कुणी उत्साहाने कळीचा चुना आणून घरी भिजवायला निघाले तर थांबव. तो भिजताना उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा होते. मुलांच्या हाती खडूची पूडच द्यायची. गेरू गाठींचा आण, घरी कुटून फडक्यातून गाळून घ्या. तयार डबीतल्यात चिकटा जास्त असतो, तो दाभणाने नीट खरवडत नाही.