बोटीचा कारखाना डबघाईला आलाय असं ऐकतोय आणि पहिल्या बोटीच्या तळाला फुगेही आलेत. दुसऱ्या बोटीसाठी दिलेल्या पैशांचं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणला तुमची पर्यटकांना फिरवणारी फायबरची बोट आहे, ती बडोद्याजवळच्या एका कारखान्यातून घेतलेली. दुसरीही तिथेच बुक केली आणि निम्मे पैसे देऊन बसलात. आता त्याच कारखान्याचे बाकीचे बोटमालक म्हणतायत की तिथं उधारी थकलीय, कारागीर सोडून चाललेत. त्यातच पहिल्या बोटीच्या तळाला फुगे दिसले. कारखाना टिकेल का, आणि माल चांगला आहे का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एफआरपीच्या (रेझिनमध्ये काचेचे धागे बसवलेल्या फायबरच्या) टाक्या आणि डक्ट तपासण्याचं काम करतो. ॲसिडची टाकी असो की बोट, रेझिन, काचेच्या धाग्यांचा मॅट आणि रेझिन कडक करणारा हार्डनर तेच, रोलर मारणारे हातही बरेचदा तेच. बोटीही तपासायला येतात. त्यावरून सांगतो, हे दोन प्रश्न वेगळे धरू नका. कारखान्याकडे पैसा आटला की त्याची पहिली झळ मालाला बसते, आणि तीही जिथं गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही तिथं. रेलिंग चकचकीत असतं, सीटचं रेग्झिन नवं असतं, रंग झकास असतो. पण जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराच्या, आत पाण्याला जास्त टिकणाऱ्या आयसो रेझिनऐवजी स्वस्तातलं ऑर्थो आलेलं असतं, मॅटचा एखादा थर कमी झालेला असतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स मिळावा म्हणून बोट पुरती कडक व्हायच्या आत मोल्डमधून (साच्यातून) उपटलेली असते. कारखान्याच्या वह्या तुम्हाला कोणी दाखवणार नाही. बोटीचा तळ मात्र तुम्ही पाहू शकता.

उलटंही होतं, मालातल्या खोटीपायी कंपनी बसते. ब्रिटनच्या ऑयस्टर कंपनीच्या शिडाच्या बोटी जगात नावाजलेल्या आणि महागड्या. त्यांची ‘पोलिना स्टार ३’ ही बोट जुलै २०१५ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ बुडाली. तळाचा सांगाडा फाटून कील, म्हणजे तळाखालचा जड कणा, वेगळी झाली होती. माणसं वाचली. त्यानंतरचं प्रकरण लांबत गेलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये हातात ऑर्डरी असूनही कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. ज्यांच्या बोटी अर्धवट होत्या त्यांचा जीव टांगणीला लागला. पुढच्याच महिन्यात नवा मालक मिळाला म्हणून काम पुन्हा चालू झालं. त्याच वर्षी जर्मनीच्या बव्हेरिया या बोटकंपनीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘एवढं मोठं नाव, ते कशाला बुडतंय’ हा हिशोब या धंद्यात चालत नाही. छोट्या कारखान्यात तर एका बोटीचा ॲडव्हान्स मागच्या बोटीच्या रेझिनला जातो, हे मी जवळून पाहत आलोय.

आता फुग्यांकडे वळू. घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपतं. आत नीट न मुरलेलं रेझिन किंवा मॅटचे धागे धरून ठेवणारा विरघळणारा बाइंडर असेल तर त्याचं दाट, आंबट द्रावण तयार होतं. ते आणखी पाणी ओढतं, आणि दाब वाढून फुगा येतो. उबदार आणि कमी खारट पाण्यात हे लवकर घडतं, त्यामुळे बोट खाडीत गोड्या पाण्याच्या तोंडाशी उभी राहत असेल तर कारण तिथंही असू शकतं.

पावसाळ्यात तुमच्याकडे पर्यटनाच्या बोटी बंद असतात, तेव्हा बोट वर ओढलेली असेल. डोळे झाकणारा सुरक्षेचा चष्मा लावून एक फुगा टोचा (डोळ्यात उडालं तर आग होते, चष्म्याशिवाय करू नका). आतून व्हिनेगरसारखा वास येणारं, बोटाला चिकट लागणारं पाणी निघालं तर समजा की हे ऑस्मॉसिस, म्हणजे वर सांगितलेलं पाणी झिरपणं. भोक जेलकोटपुरतंच असेल आणि खाली थर कडक लागत असेल, तर दुरुस्ती घासून, धुऊन, नीट वाळवून आणि वर इपॉक्सीचे थर देऊन होते. यात वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि कोकणच्या पावसात ते छपराखालीच होईल. ओल्यावरच पुटी भरून रंग मारून देणारे पुष्कळ भेटतील, त्यांना काम देऊ नका.

टोकदार हत्यार खाली सहज रुतलं, किंवा पांढरे सुटे धागे दिसले, तर थरच मऊ पडलाय. मग ते दिसण्यापुरतं राहत नाही, ताकदीचा प्रश्न होतो. पाच रुपयांचं जाड नाणं घ्या आणि पूर्ण तळावर वीतभर अंतराने टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. थर सुटलेल्या जागी तो बद्द येतो, कान लगेच ओळखतो. अशा जागांवर खडूने गोल करा आणि फोटो काढून ठेवा. ट्रान्समवर, म्हणजे मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगलंय तिथं, हे दोनदा करा. आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते कुजलं तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि एक दिवस पूर्ण वेगात फळी वाकते. तिथं सागरी प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, वापरलाय का, हे कारखान्याला लेखी विचारा.

दुसरी बोट अजून मोल्डमध्ये असेल तर तुमचं नशीब चांगलं म्हणायचं, कारण आता तुम्ही स्वतः उभं राहून बघू शकता. अचानक जा, शक्यतो पावसाळी दिवशी. मॅटचे रोल कुठे ठेवलेत ते पहा. ओलसर जमिनीवर उघडे पडले असतील तर तोच दमटपणा तुमच्या तळात जाणार. रेझिनच्या ड्रमवरचं लेबल, ग्रेड आणि तारखेचा फोटो घ्या. जुना साठा स्वस्तात मिळतो, आणि पैशाची ओढाताण असलेला माणूस तो घेतोच. लॅमिनेट शेड्यूल मागा, म्हणजे कुठे ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला) मॅट, कुठे ४५० चा, कुठे रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं विणलेलं कापड), किती थर, याचा कागद. ‘आम्ही अंदाजाने करतो, कारागीर जुने आहेत’ असं उत्तर आलं तर ते जुने कारागीर अजून तिथं आहेत का, हेही विचारा. तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट कारागीर सोडून जाण्याची आहे. हँड लेअपमध्ये, म्हणजे हाताने थर चढवण्यात, हवा काढणारा हात हीच गुणवत्ता. नवशिक्याच्या रोलरखाली राहिलेले बुडबुडे पुढे कोणी काढू शकत नाही.

एक गोष्ट हक्काने मागून घ्या. बिल्ज पंपाचा (बोटीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) पाइप बाहेर काढायला होल सॉने, म्हणजे गोल करवतीने, बोटीच्या बाजूला भोक पाडतात, तेव्हा जी गोल चकती निघते ती सहसा कचऱ्यात जाते. ती तुमच्या बोटीची जन्मपत्रिका आहे. लॅबमध्ये ती भट्टीत ५६५ अंशांना जाळली की रेझिन उडून जातं, काच उरते आणि थर पानासारखे सुटे होतात, मोजता येतात. मॅटच्या हँड लेअपमध्ये वजनाने साधारण ३० ते ३५ टक्के काच असावी, रोव्हिंग असेल तर त्याहून जास्त. त्याच्या बऱ्याच खाली आली तर रेझिन ओतून जाडी दाखवलीय. अशी बोट जड असते आणि तडकते. कडकपणासाठी बारकोल मीटर येतो. नीट मुरलेल्या पॉलिएस्टर थरावर ३५ ते ४० च्या आसपास आकडा दिसतो. मीटर नसेल तर आतल्या बाजूला ॲसिटोनचा बोळा फिरवा. पृष्ठभाग चिकट झाला तर बोट अजून कच्ची आहे. फक्त वरच्या थरात मेण घातलं नसेल तर नुसता वरचा पापुद्रा चिकट राहतो, म्हणून थोडं घासून मग बघा.

आता पैशांकडे. कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकून पहा. वार्षिक ताळेबंद वेळेवर भरलेत का, आणि कोणत्या बँकेचा बोजा कशावर आहे, हे तिथं कळतं. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, आणि रिटर्न कधीपर्यंत भरलेत, हे फुकट दिसतं. सलग काही महिने रिटर्न थांबले असतील तर बाकीच्या मालकांचं ऐकीव बोलणं खरं धरून चाला. प्रोप्रायटरी असेल तर दिसणारी माहिती थोडी, पण तिथं मालक व्यक्तिशः जबाबदार असतो.

तुमच्या पावतीत काय लिहिलंय? नुसतं ‘बोटीसाठी ॲडव्हान्स’ असेल तर मोल्डमधली ती बोट कायद्याने बहुधा अजून तुमची नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार कोणता माल ते ठरून, तो द्यायच्या स्थितीत येऊन तुम्हाला तसं कळवेपर्यंत मालकी सहसा विक्रेत्याकडेच राहते, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणून आजच वेगळं ठरवा. पुरवणी करार करा: बोटीच्या हलला (मूळ कवचाला) नंबर, तो नंबर आतून कोरलेला, आणि दिलेल्या प्रत्येक हप्त्याबरोबर तेवढ्या कामाची आणि त्यासाठी आणलेल्या साहित्याची मालकी तुमची. बँकेचा बोजा साठ्यावर असेल तर बँकेचं संमतीपत्र लागेल, ते न घेता करार कच्चाच राहील. मसुदा वकिलाकडून करून घ्या, इथं वाचलेली ओळ तशीच उतरवू नका.

कंपनी दिवाळखोरीत गेलीच, तर ॲडव्हान्स दिलेल्या गिऱ्हाइकाला ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे मालाच्या व्यवहारातला येणेकरी, म्हणून दावा लावता येतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलंय. पण बँका पुढे असतात आणि शेवटी हाती फार थोडं येतं. त्या आशेवर राहू नका. तुम्ही स्वतः बोट चालवून पोट भरत असाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही ग्राहकच धरले जाता, त्यामुळे फुग्यांची तक्रार ग्राहक आयोगात करता येईल. ती पहिल्या बोटीची, आणि वॉरंटीचे कागद व फोटो हाताशी असतील तरच.

आता एक सावधगिरी. तुम्ही आणि बाकीच्या मालकांनी एकाच आठवड्यात जाऊन ‘पैसे परत द्या’ म्हटलं तर कारखाना त्याच आठवड्यात बंद पडेल, आणि तुमच्या वाट्याला मोल्डला चिकटलेला अर्धा तळ येईल. त्यापेक्षा सगळे एकत्र जा आणि हे मांडा: राहिलेल्या रकमेतून साहित्य आम्ही विकत आणून देतो, तुम्ही फक्त मजुरी घ्या. रेझिन, मॅट, जेलकोट हे सगळं बडोद्यात मिळतं. बिल तुमच्या नावाने, डिलिव्हरी चलनावर ‘काम करून देण्यासाठी’ असा शेरा, ड्रमवर तुमचं नाव. असा माल कारखान्याच्या मालमत्तेत धरला जात नाही, आणि तुमच्या बोटीत काय पडतंय तेही तुम्हाला कळतं. मजुरी टप्प्याटप्प्याने द्या: तळ पूर्ण आणि तपासलेला, मग डेक जोडलेला, मग पाण्यात चाचणी. चांगला कारागीर असलेला, पण हप्त्यात अडकलेला मालक याला हो म्हणतो. जो नाही म्हणतो, त्याला तुमचे पैसे बोटीसाठी नको आहेत. इंजिन मात्र कारखान्यामार्फत घेऊच नका. थेट डीलरकडून, तुमच्या नावाने, वॉरंटी कार्डासकट घ्या. कारखाना गेला तरी इंजिनची वॉरंटी राहते.

बोट पूर्ण झाली की सर्वेक्षण आणि नोंदणीआधी एक धावपळ होते. त्या धावपळीत कारखान्याचा मालक सांगतो, ‘वर छत टाकू, दहा माणसं वाढतील.’ इथं मी हात जोडून सांगतो, नको. वर वजन गेलं की बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि सगळे पर्यटक डॉल्फिन बघायला एका बाजूला आले की ती परत सरळ होत नाही. आमच्या बडोद्यात हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्याच शहरात सुरसागरमध्ये १९९३ साली बोट उलटून माणसं गेली होती, तरीही हे झालं. हरणीचं पाणी समुद्राच्या मानाने काहीच नाही, तुम्ही तर मालवणच्या उघड्या पाण्यात जाता. छत, बाक, टाकी, काहीही नंतर वाढवायचं असेल तर स्थिरतेची चाचणी पुन्हा करून, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या सर्वेक्षकाला दाखवूनच.

सध्या तुम्ही हे करा: पहिल्या बोटीचे खडूचे गोल केलेले फोटो, फुगा टोचल्यावर आत काय दिसलं त्याचा जवळून फोटो, आणि दुसऱ्या बोटीची पावती (नाव झाकून) इथं टाका. फुगे कितपत खोल आहेत ते फोटोवरून बरंचसं सांगता येईल. तोपर्यंत पुढचा हप्ता देऊ नका, आणि फोनवर ‘उद्या टाकतो’ असंही म्हणू नका.