बारावीतच मेडिकलची जागा?

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे. बीएस-एमडीला (बारावीनंतरच पदवी आणि मेडिकल, दोन्हींची जागा देणारा अमेरिकेतला अभ्यासक्रम) अर्ज करायचाय. गुण छान आहेत, पण हॉस्पिटलमधल्या स्वयंसेवेचे तास कमी पडतील का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर: ताई, तासांचं राहू द्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे गुण चांगलेच असतात, घोडं अडतं ते ‘डॉक्टरच का, आणि आत्ताच का?’ या निबंधात. ‘मला समाजसेवा करायचीय’ दिसलं की माझं लाल पेन बाहेर येतं. एका मुलानं लिहिलं होतं, वृद्धाश्रमातले आजोबा गोळ्या थुंकायचे. सगळे म्हणत, हट्टी आहेत. यानं नर्सला विचारलं, तेव्हा कळलं, त्यांना गिळताच येत नव्हतं. असं काही तिनं स्वतः पाहिलंय का, विचारा.

अभ्यासक्रम मात्र नीट वाचा. ब्राउन विद्यापीठाचा पीएलएमई हा असा अभ्यासक्रम आठ वर्षांचा, त्याला एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) लागत नाही; त्याचे निबंध मात्र वेगळे लिहायचे. मिसुरी विद्यापीठाचा कॅन्सस सिटीतला सहा वर्षांचा. काही ठिकाणी एमकॅट द्यावीच लागते आणि जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) घसरला तर राखलेली जागाही जाते. (हे बारीक अक्षरात असतं!) जागा मोजक्याच, तेव्हा साध्या प्री-मेडचे (आधी पदवी, मग मेडिकलला वेगळा अर्ज) अर्जही भरा. मुलाखतीची तयारी तिची तिला करू द्या. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं.